सेवामंडळाच्या सभेत मोबाइल-छायाचित्रणाचा धडा

१९०५ साली शिकागोत जन्मलेल्या रोटरीच्या धर्तीवर चालणाऱ्या सेवामंडळांत सभेच्या कामकाजास व्याख्यानाची जोड देण्याचा जो रिवाज आहे, त्यास अनुसरून हुबळी-धारवाडच्या मंडळांनी मोबाइल-छायाचित्रण हा विषय अवश्य घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण वृक्षारोपण असो वा रक्तदान-शिबिर, कार्याचा पुरावा म्हणून दप्तरी राहतो तो फोटोच.

मोबाइलमधील प्रकाश टिपणारा सेन्सर जेमतेम नखाएवढा असल्याने त्यास उजेड थोडका मिळतो. म्हणून, उदाहरणार्थ, हुबळीतील उणकलच्या चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वर मंदिरातील स्तंभांचे चित्र घेताना प्रथम लेन्स मऊ कापडाने पुसावी, कोपर अंगाशी टेकवावेत, पडद्यावर नक्षीच्या जागी बोट टेकवून फोकस साधावा आणि उजेडाची पट्टी किंचित खाली ओढावी, म्हणजे बाहेरचे आकाश पांढरेफटक न पडता कोरीवकामाची धार उठून दिसते. एचडीआर चालू असता फोन अनेक प्रतिमा क्षणार्धात घेऊन त्यांचा मिलाफ करतो, तेव्हा हात स्थिर हवा.

सभागृहात मान्यवरांना खिडकीकडे पाठ नव्हे, तोंड करून उभे करावे. झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे. आणि स्थळ, तारीख व प्रसंग यांचा तपशील त्याच दिवशी नोंदवून ठेवावा.