टेम्स नदीवरील नौकांचा खोळंबा व जलकोष्ठांची उत्पत्ति

आपल्याकडील नद्यांवर नौकेचें काम मुख्यत्वें या तीरावरून त्या तीरास उतारू पोंचविण्याचें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतहि तर, उतार व तरीचें भाडें यांच्या विचारास मोठी जागा दिलेली आहे. परंतु नदीच्या लांबीनें दूरवर नौका न्यावयाची झाल्यास निराळाच प्रश्न उभा राहतो. तो असा कीं, वाहतें पाणी अडविण्याचा व सोडण्याचा हक्क कोणाचा? इंग्लंडांतील टेम्स नदीवर हा प्रश्न कित्येक शतकें चालू होता. त्याचा उलगडा कसा झाला, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

१. बंधारे व त्यांचे मालक

मध्ययुगांत टेम्सवर दोन प्रकारचे बंधारे होते; एक पाणचक्कीकरितां, दुसरे मासे धरण्याकरितां. दोहोंमुळें नौकांची वाट अडे. इ. स. १२१५ च्या मॅग्ना चार्टा या सनदेंत टेम्स व मेडवे या नद्यांतील मासे धरण्याचे बंधारे काढून टाकावे, असें स्पष्ट कलम आहे. तथापि सनद निराळी व वहिवाट निराळी. पाणचक्कीवांचून पीठ नाहीं व बंधाऱ्यावांचून पाणचक्की नाहीं. सबब बंधारे राहिलेच. त्यांतून नौकेस वाट देण्याची एक जुनी युक्ति होती, ती अशी.

बंधाऱ्याचा कांहीं भाग फळ्या व खुंट यांनीं बंद केलेला असे. नौका आली म्हणजे त्या एकेक उपसून काढीत. मग तुंबलेलें पाणी लोंढ्यानें सुटे आणि खालीं जाणारी नौका त्याबरोबर वाहून जाई. वर जाणारीस मात्र लोंढ्याचा जोर ओसरेपर्यंत थांबावें लागे व नंतर रहाटानें किंवा माणसांकरवीं ओढून घ्यावें लागे. इंग्रजींत यास ‘फ्लॅश लॉक’ म्हणतात. यांत नौका उलटण्याचें भय तर होतेंच. पण त्याहून जाचक गोष्ट खोळंब्याची. एकदां पाणी सोडलें कीं वरचा सांठा उतरे व तो पुन्हां भरेपर्यंत चक्की बंद पडे. म्हणून चक्कीवाला पाणी सोडण्यास नाखूष असे, व सोडल्यास पैसा घेई. उन्हाळ्यांत पाणी कमी पडलें म्हणजे नौकांना दिवसेंदिवस बंधाऱ्यापाशीं पडून राहावें लागे. तात्पर्य, नौकेवाल्याचा काल चक्कीवाल्याच्या मर्जीवर अवलंबून होता.

२. जलकोष्ठ

यावरील उपाय म्हणजे दोन दारांमधील पाण्याची खोली. इंग्रजींत हीस ‘पाउंड लॉक’ म्हणतात. ‘लॉक’ शब्दाचा प्रसिद्ध अर्थ कुलूप. परंतु येथें बंद करण्यापेक्षां उचलणें व उतरविणें हें कार्य मुख्य असल्यामुळें आम्ही ‘जलकोष्ठ’ हा शब्द योजितों. वर जाणारी नौका खालच्या दारानें कोष्ठांत येते. दार लावून वरच्या बाजूची झडप उघडली म्हणजे पाणी हळूहळू चढतें. तें वरच्या पाण्याशीं समपातळीस आलें कीं वरचें दार उघडतें. खालीं जाणारीस हाच क्रम उलट. सर्व नदीचा सांठा न सोडतां एका कोष्ठाइतकेंच पाणी खर्ची पडतें, हें यांतील मर्म होय.

ही कल्पना मूळची चीनची. इ. स. ९८४ मध्यें च्याओ वैयुए या अधिकाऱ्यानें महाकालव्यावर असें दुहेरी दार बांधविलें. कारण उतरणीवरून ओढतांना धान्याच्या नौका फुटत व त्या गडबडींत धान्य चोरीस जाई. टेम्सवर इ. स. १६२४ च्या कायद्यान्वयें ऑक्सफर्डचा दगड लंडनास व कोळसा ऑक्सफर्डास नेण्याची सोय करण्याकरितां मंडळ नेमिलें गेलें, आणि १६३५ च्या सुमारास इफ्ली, सँडफर्ड व स्विफ्ट डिच येथें जलकोष्ठ झाले. पुढें १७७२ पासून मेडनहेड ते रेडिंग या टप्प्यांत आणखी आठ बांधण्यास आरंभ झाला. ऑक्सफर्डच्या वरच्या अंगास मात्र जुने लोंढ्याचे बंधारे विसाव्या शतकांतहि टिकून होते.

३. खाजगी नौका

आगगाडीनें माल नेल्यावर नदीवर हौशी लोकांच्या नौका वाढल्या. इ. स. १८८५ च्या कायद्यानें टेम्सवर विहाराकरितां नौकेनें जाण्याचा सर्व लोकांचा हक्क मान्य झाला. बोल्टर्स लॉक येथील रविवारची दाटी एडवर्ड ग्रेगरी या चित्रकारानें रंगविली असून तें चित्र १८९७ त रॉयल अकॅडमींत मांडलें होतें.

आजहि हा खोळंबा चुकलेला नाहीं. इफ्लीपासून टेडिंग्टनपर्यंत, दोन्ही धरून, ३२ जलकोष्ठ लागतात. प्रत्येकास पाव तास धरला तरी आठ तास केवळ चढउताराचे. रांग लागल्यास अधिक. अतिवृष्टीनंतर प्रवाह जोराचा झाल्यास जलकोष्ठांवर तांबड्या पाट्या लागतात व शहाणा प्रवासी नौका बांधून ठेवितो. परंतु हे आठ तास आधीं मोजतां येतात व धनिकास आणि सामान्यास सारखेच लागतात. जुना खोळंबा मर्जीचा होता, हा नियमाचा आहे.

४. उपसंहार

आपल्या महाराष्ट्रांतून वाहत जाणाऱ्या गोदावरीवर आर्थर कॉटन यानें १८४७ ते १८५२ मध्यें धवळेश्वर येथें बंधारा बांधिला. त्याच्या कालव्यांवरहि नौकांकरितां जलकोष्ठ केले होते. म्हणजे शेतीचें पाणी व नौकेची वाट यांचा मेळ तेथेंहि घालावा लागलाच. ज्यांस नद्यांचा इतिहास लिहावयाचा आहे त्यांनीं बंधाऱ्यांच्या तारखा टिपाव्याच. परंतु त्या बंधाऱ्यापाशीं कोण, किती वेळ व कोणाच्या हुकुमानें थांबत होता, हेंहि शोधावें. पाण्यावरील सत्ता कोणाची होती, याचा खरा पुरावा बहुधा तेथेंच सांपडेल.