चालू तेवढे चालू, पण मिळून चालू!

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत १९५५ सालापासून जवान पोरे कवायत करीत आली आहेत. पण खुर्चीवरून उठून उभे राहणे हीच ज्यांची रोजची कवायत, अशीही माणसे आपल्यात आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस. या आजाराचे हे रुग्ण.

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवरही असते. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते आवरण कुरतडते. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोहोचत नाही. पाय लटपटतात, मुंग्या येतात, नजर अंधुक होते, तोल जातो आणि भाकरी थापता थापता हात गळून जातात. बहुधा विशी ते चाळिशीत, ऐन कमावत्या वयात, हा आजार गाठतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. वरून माणूस धडधाकट दिसतो. म्हणून सुनेला कामचुकार ठरवतात, कामगाराला 'पिऊन आलास काय?' असे विचारतात. कोणी देवऋषीचा उंबरठा झिजवतो. बंधू-भगिनींनो, ही करणी नव्हे आणि आळस तर नव्हेच! अशा रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडेच न्यावे.

पूर्वी अशा रुग्णांना 'पडून राहा' असाच सल्ला मिळे. १९९६ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. आजार बळावला नाही. उलट ताकद आणि दम वाढला. व्यायामाने एम.एस. बरा होत नाही, औषधेही सुटत नाहीत. पण उरलेले बळ टिकते.

मग हा व्यायाम एकट्याने का करायचा? घरी दोन दिवस होतो, तिसऱ्या दिवशी राहतो. चारजण जमले की न आलेल्याची चौकशी होते. फिजिओथेरपिस्टची फी वाटून घेता येते. मुख्य म्हणजे, काठी धरून चालण्याची लाज गळून पडते. एका वस्तीत एम.एस.चे चार रुग्ण मिळणे कठीण. म्हणून खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, धायरी अशा गावांनी मिळून, पक्षाघाताच्या रुग्णांनाही सोबत घेऊन गट करावा. प्रत्येकाचा व्यायाम मात्र त्याच्या ताकदीप्रमाणे ठरवून घ्यावा.

मजबूत, न घसरणाऱ्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवाव्यात. बसून पाय लांब करणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, पाठीला धरून टाचा उचलणे, यापासून सुरुवात करावी. तोल जाणाऱ्याजवळ एकाने उभे राहावे. उष्णतेने त्रास तात्पुरता वाढतो, म्हणून सकाळची वेळ, पंखा आणि मानेवर ओला टॉवेल हवा. मध्येमध्ये विसावा घ्यावा. संडास-मुतारी जवळ असावी. आजार नव्याने उसळला, ताप आला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून या रुग्णांसाठी काम करते; पुण्यातही तिची शाखा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एम.एस.चे नाव आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मागणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे.

समाजमंदिराची खोली सकाळी बहुधा रिकामीच असते. तिची किल्ली मागा. दारात पायऱ्या असतील तर शेजारी उतार बांधून घ्या. आपला एक माणूस घरात कुढत बसला असेल, तर त्याला हाताला धरून तिथवर आणणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.