वैऱ्याने दाखवलेली चूक
किराणा दुकानाची उधारीची वही गल्ल्यापाशीच राहते, शेजारच्या दुकानदाराला ती दिसत नाही. ब्लॉकचेन म्हणजे मात्र अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली खतावणी. बिटकॉइनसारख्या खुल्या ब्लॉकचेनमध्ये ती प्रतिस्पर्ध्यालाही उघडी असते, आणि ती चालवणारा प्रोग्रामसुद्धा.

ऑगस्ट २०१७मध्ये, ब्लॉक, म्हणजे या खतावणीचं एक पान, किती मोठा असावा या वादातून बिटकॉइनपासून 'बिटकॉइन कॅश' वेगळं झालं. दोन्ही गटांत कमालीची कटुता होती. प्रोग्रामचा बराच भाग मात्र सामाईकच राहिला. सप्टेंबर २०१८मध्ये कॅशच्या गटातल्या एका प्रोग्रामरला बिटकॉइनच्या प्रोग्राममध्ये चूक सापडली: एकाच व्यवहारात तेच नाणं दोनदा वापरलं, तर तो प्रोग्राम बंद पडू शकत होता. त्याने ती गुपचूप बिटकॉइनवाल्यांना कळवली. त्यांनी खोलात तपासलं तेव्हा कळलं, की तिच्यामुळे शून्यातून नवी नाणीही काढता आली असती! दुरुस्त आवृत्ती लगोलग आली. त्या प्रोग्रामरचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

स्पर्धा आणि सहकार्य असं एकत्र इतरत्रही दिसतं. मुंबईत सुरू झालेलं पॉलिगॉन हे ब्लॉकचेन जाळं स्वस्त व्यवहार देऊन इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनचीच गिऱ्हाइकं ओढतं. पण आपल्या नोंदींचा गोषवारा ते ठरावीक काळाने इथेरियमवर नोंदवतं आणि त्याचं शुल्कही भरतं.