कंबरेचे सांधे लवकर का झिजतात?

आंबागडच्या किल्ल्याखाली रोवणी सुरू झाली की आयाबाया सकाळी बांधीत उतरतात आणि दिवस कलेपर्यंत वाकलेल्याच राहतात. एका हातात पऱ्ह्यांची जुडी, पाय चिखलात, चाल मागे मागे. संध्याकाळी बांधावर आल्यावर कंबरेवर हात ठेवल्याखेरीज ताठ होता येत नाही. ही कळ चार दिवसांत गेली तर शिणवटा समजावा. पण दिवाळी उलटली, धान घरात आले, तरी ती जात नसेल, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका.

आधी कंबरेची रचना पाहा. कंबरेत पाच मणके एकावर एक असतात. दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूस लवचीक गादी असते आणि मागे डावीउजवीकडे एकेक छोटा सांधा. भार मुख्यतः गादी पेलते. मणका भलतीकडे सरकू नये, ही राखण सांधे करतात. गादी चपटी झाली की भार सांध्यांवर येतो, त्यांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते आणि हाडाला कंगोरे फुटतात. गुडघ्याची सांधेझीज ती हीच, जागा तेवढी निराळी.

धोका कोणाला अधिक?

पहिले कारण वय. अमेरिकेत जतन केलेल्या ६४७ सांगाड्यांच्या तपासणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. विशीतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या कंबरेत ही झीज सुरू झालेली होती, आणि साठीपर्यंत ती सर्वांतच आढळली. चौथ्या व पाचव्या मणक्यांमधले सांधे सर्वांत जास्त झिजलेले होते.

दुसरे कारण ओझे. ओझे जितके शरीरापासून दूर, तितका कंबरेवरचा ताण अधिक. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली; तीही वाकून, अंगाला पीळ देऊन उचलली तर कंबर धरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली, आणि स्त्रियांसाठी त्याहून बरीच कमी. म्हणून कोवळ्या वयाच्या पोरापोरींच्या डोक्यावर धानाचे भारे देऊ नका.

तिसरे, शरीराचे वाढलेले वजन. चौथे, जुनी इजा: झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडल्याची. पाचवे, घराण्यातला वारसा. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मणका पुढे सरकण्याचा त्रासही पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. ट्रॅक्टरचे हादरे, बिडीचा धूर आणि बिडी वळताना तासन्‌तास वाकून बसणे, हेही कंबरेला मानवत नाही.

मात्र झीज म्हणजे दुखणे नव्हे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या रहिवाशांच्या २००८ सालच्या पाहणीत झीज पुष्कळांत दिसली, पण दुखण्याशी तिचा थेट मेळ बसला नाही. तेव्हा फोटोत झीज दिसली एवढ्यावरून हाय खाऊ नका.

ओळखायचे कसे?

या सांध्यांचे दुखणे बहुधा कंबरेत, कुल्ल्यात आणि मांडीपर्यंत असते. मागे झुकताना, वळताना किंवा फार वेळ उभे राहताना ते वाढते. सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात जातो. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो निराळा संधिवात असू शकतो. त्याची तपासणी वेळीच करा.

पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठा. कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखत असेल, तरी डॉक्टरांना दाखवा.

काय करावे?

रोवणीत दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे ताठ उभे राहा. पोते उचलताना गुडघ्यात वाका, ओझे छातीजवळ धरा आणि वळायचे तर पाय फिरवून वळा. मोठे पोते दोघांनी उचलावे. दुखत असेल तर शेक घ्या. पण आठवडाभर अंथरूण धरू नका. चालत राहिल्याने कंबर सुधारते. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने खात राहिल्यास पोटात व्रण होतो आणि मूत्रपिंडाला इजा पोचते.

बांधीच्या मालकांनाही एक सांगणे आहे. रोवणाऱ्या बाईने घटकाभर कंबर सरळ केली तर त्यात मजुरी बुडत नाही. तीच बाई पुढल्या वर्षी कामाला यायला हवी ना! आणि घरच्यांनो, दिवसभर वाकून आलेल्या बाईकडूनच पाण्याचे हंडे, सरपण आणि गोठ्याचे शेण उचलून घेतले, तर तिच्या कंबरेला विसावा मिळणार कधी? रोवणीच्या दिवसांत ही तीन कामे कोण करणार, ते पऱ्हे टाकायच्या आधीच घरात बसून ठरवा.