प्रौढांमधील निवडक खाणे

प्रौढांमधील निवडक खाणे म्हणजे अन्न सहज उपलब्ध असताना, तसेच धार्मिक, नैतिक किंवा वैद्यकीय निर्बंध नसताना, प्रौढ व्यक्तीने अनेक पदार्थांना सातत्याने नकार देऊन मोजक्या पदार्थांवरच आहार चालविणे होय. बालवयात ही सवय सर्वत्र आढळते आणि बहुतेक मुलांमध्ये वयानुसार ती कमी होते. काही व्यक्तींमध्ये मात्र ती प्रौढपणीही टिकून राहते. तिची तीव्रता साध्या नावडीपासून उपचारांची गरज असलेल्या विकारापर्यंत कोणत्याही पातळीची असू शकते.

एखादी व्यक्ती या वर्गात मोडते की नाही, हे तिच्या नावडत्या पदार्थांच्या संख्येवरून ठरत नाही. नकारामुळे आहारातील विविधता किती घटली आहे, ठरवूनही तो नकार बदलणे त्या व्यक्तीला शक्य होते का, आणि त्यामुळे आरोग्याचे वा सामाजिक जीवनाचे नुकसान होते का, या तीन गोष्टी त्यासाठी पाहिल्या जातात.

संज्ञा

मराठीत या वर्तनासाठी एकच रूढ शब्द नाही. ‘खाण्याचे नखरे’, ‘खाण्यात नाटके करणे’, ‘पानावर बसून नाक मुरडणे’ यांसारखे बोलीतील प्रयोग दोष दाखविणारे आहेत. ‘चोखंदळ’ या शब्दाला उलट गुणवाचक छटा आहे. चांगल्या-वाईटाची पारख असणारा, निवडून घेणारा, असा त्याचा अर्थ होतो. चोखंदळ खवय्या उत्तम आंब्याच्या शोधात बाजार पालथा घालतो, तर निवडक खाणारी व्यक्ती आंब्याच्या रेषा जिभेला लागतात म्हणून आंबाच खात नाही. पहिल्या उदाहरणात रुचीची कक्षा रुंदावलेली असते आणि दुसऱ्यात ती आक्रसलेली असते. त्यामुळे ‘निवडक खाणे’ ही तुलनेने तटस्थ संज्ञा येथे वापरली आहे.

व्याप्ती आणि अपवाद

कारले, शेपू किंवा वांगे न आवडणारी माणसे पुष्कळ असतात. अशा व्यक्तीच्या आहारात इतर भाज्यांना जागा असेल, तर तिला निवडक खाणारी म्हणता येत नाही. मात्र सर्वच पालेभाज्या, सर्व फळे किंवा सर्व कडधान्ये, म्हणजे अन्नाचा एक संपूर्ण गट, आहारातून वगळला जात असेल आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने भरून निघत नसेल, तर ते निवडक खाणे ठरते.

पुढील प्रकारांत आहार मर्यादित असला, तरी त्यांचा समावेश निवडक खाण्यात होत नाही.

व्रत, धर्म व नीती: शाकाहार, जैन आहारनियम, रोजा किंवा उपवास यांमागे स्वीकारलेले तत्त्व असते. महाराष्ट्रात अनेक कुटुंबांत चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य मानतात. त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ हौसेने केले जातात आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा खाण्यास सुरुवात होते. काशीयात्रेनंतर एखादे आवडते फळ किंवा भाजी कायमची सोडण्याचीही प्रथा आहे. येथे आवडीचा पदार्थ स्वेच्छेने सोडला जातो. निवडक खाण्यात नावडीचा पदार्थ इच्छा असूनही स्वीकारता येत नाही.

वैद्यकीय कारणे: शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी, दुधातील शर्करा न पचणे, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सिलिॲक रोग, मधुमेहातील पथ्य.

अन्नाची टंचाई: परवडत नाही किंवा मिळत नाही म्हणून एकसुरी आहार घेणे.

वजनाविषयीची चिंता: लठ्ठ होण्याच्या भीतीने अन्न टाळणे. याचा विचार ॲनोरेक्झिया नर्व्होसासारख्या वेगळ्या विकारांत होतो.

लक्षणे

निवडक खाणाऱ्या प्रौढांमध्ये सर्व लक्षणे एकत्र आढळतीलच असे नाही. सामान्यपणे पुढील लक्षणे दिसतात.

‘चालणाऱ्या’ पदार्थांची यादी आखूड असते आणि वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. वरणभात, पोळी, बटाटा, पाव, बिस्किटे अशा सौम्य चवीच्या व नेहमी सारख्याच लागणाऱ्या पदार्थांकडे कल असतो. फळे व भाज्यांची चव हंगामाप्रमाणे, पिकण्याप्रमाणे बदलत असल्याने त्या अधिक टाळल्या जातात.

नकाराचे कारण अनेकदा चवीपेक्षा पदार्थाच्या स्पर्शात असते. भेंडीचा बुळबुळीतपणा, टोमॅटोच्या बिया, दुधावरची साय किंवा खिचडीत मध्येच दाताखाली येणारा कांदा सहन होत नाही.

ताटात पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत. तोच पदार्थ वेगळ्या पद्धतीने चिरलेला किंवा दुसऱ्या घरी शिजवलेला असेल, तर नकोसा होतो.

नव्या पदार्थाचा घास घेण्याच्या कल्पनेने मळमळ, उमासा किंवा प्रत्यक्ष भीती निर्माण होते.

नवखाद्यभीती

अपरिचित अन्नाविषयीच्या धास्तीला नवखाद्यभीती म्हणता येईल. ती निवडक खाण्याशी संबंधित असली, तरी दोहोंत फरक आहे. नवखाद्यभीतीत न चाखलेल्या पदार्थाला नकार असतो, तर निवडक खाण्यात पूर्ण ओळखीचे, अनेकदा चाखलेले पदार्थही नाकारले जातात.

या भीतीमागे जैविक उपयुक्तता असावी असे मानले जाते. सर्वाहारी प्राण्याला नवे अन्न शोधावेच लागते, पण नवे अन्न विषारीही असू शकते. या पेचाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी ‘सर्वाहारी प्राण्याचे द्वंद्व’ असे म्हटले. कॅनडातील पॅट्रिशिया प्लायनर व कॅरन हॉब्डेन यांनी १९९२ मध्ये नवखाद्यभीती मोजण्यासाठी १० विधानांची श्रेणी तयार केली. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत, हे उत्तर देणारी व्यक्ती ७ पायऱ्यांवर सांगते. प्रौढांच्या निवडक खाण्यासाठी २०१७ मध्ये १६ प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तीत अन्नाची मांडणी, आहारातील विविधता, जेवणाविषयीची अनास्था आणि चवीची नावड असे चार घटक तपासले जातात.

कारणे

निवडक खाण्यास बहुधा एकच कारण नसते. उपजत संवेदनशीलता, पूर्वानुभव आणि घरातील वातावरण यांची त्यात सरमिसळ असते.

चवीची उपजत जाणीव: एकच पदार्थ सर्वांच्या जिभेला सारखा लागत नाही. १९३१ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत फिनाइलथायोकार्बामाइड या संयुगाची पूड हवेत उडाली. जवळच्या सहकाऱ्याला ती अत्यंत कडू लागली, फॉक्स यांना मात्र काहीच चव जाणवली नाही. हा भेद आनुवंशिक असल्याचे पुढे दिसून आले आणि २००३ मध्ये त्यास मुख्यतः कारणीभूत असलेले टीएएस२आर३८ हे जनुक ओळखले गेले. कोबी व मोहरीच्या कुळातील भाज्यांचा कडवटपणा काहींना अधिक जाणवण्याशी या जनुकाचा संबंध जोडला जातो.

वासाची जाणीव: कोथिंबीर काही व्यक्तींना साबणासारखी लागते. कोथिंबिरीतील आल्डिहाइड संयुगांचा वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ या जनुकाच्या परिसरातील भेदाशी या अनुभवाचा संबंध असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

आनुवंशिकता: ब्रिटनमधील ८ ते ११ वर्षे वयाच्या ५,००० हून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलामुलांमधील नवखाद्यभीतीच्या फरकांपैकी सुमारे ७८ टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. हा आकडा गटातील फरकांविषयीचा आहे. एखाद्या व्यक्तीची सवय बदलणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

संवेदनांची तीव्रता: स्वमग्नता असलेल्या अनेक व्यक्तींना वास, स्पर्श, आवाज व तापमान अधिक तीव्रतेने जाणवतात. त्यांच्यात आहार मर्यादित असण्याचे प्रमाणही अधिक आढळते.

वाईट अनुभव: एखादा पदार्थ खाल्ल्यानंतर उलटी झाली, तर पदार्थाचा दोष नसतानाही पुढे त्याची शिसारी बसू शकते. जॉन गार्सिया व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हा परिणाम दाखविला. घास घशात अडकण्याच्या प्रसंगानंतर घट्ट अन्नाची भीती बसणे, हेही याच्या जवळचे उदाहरण होय.

सक्ती: अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बालपणी जबरदस्तीने खायला लावलेल्या पदार्थांविषयी विचारण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सक्ती झालेल्यांपैकी बहुतेकांनी तो पदार्थ आता आपण आपणहून खाणार नाही, असे सांगितले. नावड मोडण्यासाठी केलेली सक्ती नावड कायम करू शकते, असे यावरून दिसते.

विकार म्हणून निदान

अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने मे २०१३ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानग्रंथात ‘टाळणूक व मर्यादित अन्नग्रहण विकार’ याचा समावेश झाला. त्याचे ‘आर्फिड’ हे संक्षिप्त नाव प्रचलित आहे. पूर्वीच्या आवृत्तीत यास जवळचे असलेले निदान वयाच्या सहाव्या वर्षाआधी सुरू होणाऱ्या बालविकारापुरते होते. नव्या निदानाला वयाची अट नसल्याने प्रौढ रुग्णांनाही वैद्यकीय वर्गीकरणात स्पष्ट स्थान मिळाले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ वर्गीकरणातही या विकाराची नोंद आहे.

डीएसएम-५ नुसार पुढीलपैकी किमान एक परिणाम दिसल्यास या निदानाचा विचार होतो: वजनात लक्षणीय घट किंवा मुलांची वाढ खुंटणे, पोषकद्रव्यांची लक्षणीय कमतरता, नळीवाटे दिलेल्या अन्नावर किंवा पूरक पोषणावर अवलंबून राहावे लागणे, आणि मानसिक-सामाजिक जीवनात ठळक अडथळा. अन्नाचा अभाव, रूढ सांस्कृतिक प्रथा, शरीराच्या आकाराविषयीची चिंता किंवा अन्य आजार ही कारणे वगळावी लागतात. विकाराची तीन रूपे मानली जातात: खाण्याविषयी अनास्था, पदार्थाच्या रूप-रस-गंध-स्पर्शामुळे टाळणे, आणि गुदमरणे, उलटी अशा दुष्परिणामांच्या भीतीने टाळणे.

निवडक खाणारी प्रत्येक व्यक्ती या विकाराची रुग्ण नसते. मात्र पूर्वी सर्व काही खाणाऱ्या प्रौढ वा वृद्ध व्यक्तीने अचानक अन्न टाळू लागणे हे निवडक खाणे समजून दुर्लक्षित करणे योग्य नाही. दातांचे विकार, गिळण्यातील अडचण, वासाची संवेदना जाणे, नैराश्य किंवा पोटाचे आजार यांची तपासणी अशा वेळी आवश्यक ठरते.

परिणाम

शारीरिक परिणाम वजनावरून कळतीलच असे नाही. २०१९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात एका किशोरवयीन रुग्णाची माहिती प्रसिद्ध केली. प्राथमिक शाळेपासून विशिष्ट पोताचे पदार्थ टाळणाऱ्या या मुलाचा आहार तळलेला बटाटा, बटाट्याचे वेफर, पांढरा पाव आणि प्रक्रिया केलेले मांस एवढाच होता. त्याची उंची व वजन सामान्य होते. जीवनसत्त्व ब-१२ आणि तांबे यांसारख्या घटकांच्या कमतरतेमुळे त्याच्या दृष्टीच्या मज्जातंतूला इजा झाली आणि सतराव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी कायमची अधू झाली. इतकी हानी विरळा असली, तरी पोट भरणे आणि पोषण होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. फळे व भाज्या पूर्णपणे वगळल्यास जीवनसत्त्व क, फोलेट आणि तंतुमय घटक कमी पडण्याचा धोका असतो.

सामाजिक परिणाम अधिक व्यापक आहेत. लग्नकार्य, सहभोजन, कार्यालयातील डबा, प्रवास, वसतिगृह अशा प्रत्येक ठिकाणी अन्नाचा प्रश्न पुढे येतो. ‘पानात वाढलेले टाकू नये’ हा संस्कार आणि पंगतीतील आग्रहाची पद्धत यांमुळे महाराष्ट्रीय घरांत नकार देणे विशेष अवघड जाते, कारण वाढलेले नाकारणे हा यजमानाचा अनादर समजला जातो. लहान मुलाच्या नकाराकडे कौतुकाने किंवा काणाडोळा करून पाहिले जाते, प्रौढाला मात्र ‘लाडावलेला’ ठरविले जाते. अशा वेळी ‘आज उपवास आहे’, ‘पोट बरे नाही’ अशी निमित्ते सांगणे किंवा निमंत्रणच टाळणे हा मार्ग काही जण पत्करतात. टीकेची धास्ती वाढत गेल्यास व्यक्ती एकाकी पडू शकते.

उपाय

परिचय वाढला की पसंती वाढते, हे तत्त्व उपचारांच्या मुळाशी आहे. लीॲन बर्च व डायन मार्लिन यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, जो नवा पदार्थ अधिक वेळा चाखायला मिळाला तो मुलांनी अधिक पसंत केला. प्रौढांसाठी संज्ञानात्मक वर्तनोपचार वापरले जातात. त्यांत पदार्थ आधी पाहणे, मग हाताळणे, हुंगणे, जिभेला लावणे आणि शेवटी छोटा घास घेणे असे टप्पे असतात. आवडत्या पदार्थाला अगदी जवळचा पदार्थ निवडण्याचीही पद्धत आहे. उदाहरणार्थ, उकडलेला बटाटा चालणाऱ्या व्यक्तीने पुढे रताळे चाखून पाहणे. गती आणि पदार्थ ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीकडे राहणे महत्त्वाचे असते. कमतरता असल्यास डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने पूरक पोषण दिले जाते.

सवयीचा आहार हळूहळू बदलण्याचा विचार आयुर्वेदातही आढळतो. अन्नाची रुची नष्ट होण्याला तेथे ‘अरोचक’ ही रोगसंज्ञा आहे, तर नित्य सेवनाने शरीराला मानवलेल्या अन्नाला ‘ओकसात्म्य’ म्हणतात. अंगवळणी पडलेले अहितकर अन्न एकदम न सोडता चतुर्थांशाच्या क्रमाने कमी करावे आणि हितकर अन्न त्याच क्रमाने वाढवावे, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे.

प्रौढपणी सर्व पदार्थ आवडू लागणे हे उपचारांचे उद्दिष्ट मानले जात नाही. प्रत्येक अन्नगटातील काही पदार्थ निर्धास्तपणे खाता येणे आणि इतरांच्या पंक्तीला बसण्याची भीती न उरणे, हे यशाचे पुरेसे लक्षण समजले जाते.