उत्तनच्या किनाऱ्याचा ताळेबंद

भाईंदर पश्चिमेहून निघालेली उत्तनची बस मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडून डोंगरीकडे वळली की शहराचा गजबजाट मागे पडतो. पुढे उत्तन, पाली, चौक ही कोळीवस्तीची व शेतीवाडीची गावे लागतात. चौकास १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकलेला धारावी किल्ला आहे. भाटेबंदरला वेलंकनी मातेचे तीर्थस्थान आहे. त्याच बेटावर, मुंबई महापालिकेच्या हद्दीतील गोराईस, २००९ मध्ये उद्घाटन झालेला विपश्यना पॅगोडा आहे. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नसून आठ हजार साधक एकत्र बसू शकतात. एवढ्याशा बेटावर इतके असल्यावर रविवारी गर्दी व्हायचीच.

प्रश्न त्या गर्दीच्या जमाखर्चाचा आहे. पर्यटकाचा रुपया बहुधा रिसॉर्टच्या किंवा भाड्याच्या बंगल्याच्या गल्ल्यात जातो. गावाच्या वाट्याला शहाळी, सरबते, रिक्षाभाडे एवढेच येते. आपल्या समाजातील कुटुंबे घरचा डबा आणि उकळलेले पाणी बरोबर नेतात. त्यामुळे कचरा कमी होतो हे खरे, पण गावाला उत्पन्नही मिळत नाही. शुद्ध शाकाहारी, कंदमूळविरहित भोजन देणारी घरगुती सोय स्थानिक महिलांनी उभारली, तर हा ग्राहक हक्काचा आहे.

खर्चाची बाजू मात्र संपूर्णपणे गावाच्या खात्यावर पडते. बेटावरील विहिरींना खाऱ्या पाण्याचा शेजार आहे. मीरा-भाईंदरसाठी सूर्या योजनेतून दररोज २१८ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद असली, तरी २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. तरणतलाव असलेले एक रिसॉर्ट किती घरांचे पाणी वापरते, हा हिशेब कोणत्याही परवान्यासोबत मांडला गेला पाहिजे. कचऱ्याची स्थिती त्याहून कठीण आहे. साऱ्या शहराचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावरच जातो. तेथील आगी, धूर आणि झिरपणारे दूषित पाणी यांविषयी ग्रामस्थ वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. ज्या गावाने शहराची घाण पोटात घ्यायची, त्याच गावाने शहराला निर्मळ किनारा पुरवायचा, ही अपेक्षा कोणत्याही व्यवहारात बसत नाही.

किनारा ही येथे मोकळी पडलेली जागा नव्हे. मासळी वाळवणे, जाळी दुरुस्त करणे, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या ओढून ठेवणे, हे सारे त्याच वाळूवर चालते. मोटारींना जागा दिली की कोळ्याची जागा जाते. २००६ नंतर या पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, तेव्हा गोराई, मनोरी, उत्तनच्या लोकांनी कडवा विरोध केला आणि तो बारगळला. त्या विरोधाला प्रगतीचा द्वेष म्हणणे अन्यायाचे होईल. ती मुद्दल वाचवण्याची धडपड होती.

खाडीकाठची खारफुटी हीसुद्धा मुद्दलच आहे. भरतीचा व पुराचा जोर ती सोसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तिचे मोल उपनगरांना कळले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीचा नाश रोखण्याचा सविस्तर आदेश दिला असून भोवतीचे ५० मीटरचे क्षेत्रही राखायचे आहे. २०१९ च्या किनारा नियमावलीत भरतीरेषेपासून १० मीटर सोडून तात्पुरत्या झोपड्या, स्वच्छतागृहे यांना वाव आहे. गावाच्या हाती राहणारे पर्यटन अशा हलक्या सोयींतूनच वाढू शकते.

साताऱ्याच्या कास पठाराचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. फुलांच्या हंगामात तेथे दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालण्यात आली, शुल्क लावले गेले आणि व्यवस्थापनात भोवतालच्या गावांच्या वन समित्यांना स्थान मिळाले. भूतान तर भारतीयांकडूनही दर रात्रीचे १२०० रुपये घेतो. उत्तनला एवढे जमणार नाही. परंतु वाहनतळाचे शुल्क गावाच्या खात्यात जमा करून त्यातून स्वच्छतागृहे व सफाई चालवणे अशक्य नाही. पावती देणारा माणूस गावचा असला म्हणजे झाले.

फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो फेरी सुरू झाली आहे. रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा आता मोटारीसह खाडी ओलांडून टळतो. वसईकरांना उत्तन जवळ आले. मात्र डोंगरीपुढचा रस्ता आजही तोच आहे, तितकाच अरुंद.