अख्ख्या ज्वारीची भरली ढोबळी मिरची

भरल्या ढोबळी मिरचीत आपण बहुधा बेसन किंवा बटाटा भरतो. त्याऐवजी अख्खी ज्वारी भरून मिरची भाजली, तर दोन मिरच्यांत जेवण होतं. कृती सोपी आहे, फक्त ज्वारीला तिचा वेळ द्यावा लागतो.

सहा मध्यम मिरच्यांना 1 वाटी ज्वारी पुरते. मालदांडी मिळाली तर उत्तम. ज्वारी निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालावी. दाण्यावर कोंड्याचं, म्हणजे वरच्या टरफलाचं, टणक आवरण असतं. भाकरीच्या पिठात ते दळलं जातं. अख्ख्या दाण्यात मात्र त्यातून पाणी आत मुरायला 8 ते 10 तास लागतात.

सकाळी पाणी बदलावं. 3 वाट्या ताजं पाणी आणि थोडं मीठ घालून ज्वारी कुकरला लावावी. एक शिट्टी झाली की आच मंद करून 25 ते 30 मिनिटं शिजू द्यावी. कुकर आपोआप गार झाला, की एक दाणा चिमटीत दाबून पाहावा. तो सहज चेपला पाहिजे आणि मधे पांढरा टणक ठिपका दिसता कामा नये. दिसला, तर कुकर पुन्हा लावावा.

बहुतेकांची फसगत इथेच होते. ‘थोडी कच्ची असू दे, भाजताना शिजेल’ असं वाटतं, पण ती शिजत नाही. ओव्हनची आच कोरडी, आणि मिरचीला सुटणारं पाणी दाण्याला अपुरं. त्यात सारणात टोमॅटो असतो. आंबट पदार्थासोबत दाणा मऊ व्हायला आणखी वेळ घेतो. म्हणून कुकरमध्ये टोमॅटो किंवा चिंच अजिबात घालू नये. मिरची लोळागोळा आणि ज्वारी कचकचीत, असं झालं की सगळे कष्ट वाया जातात.

शिजलेली ज्वारी चाळणीत अर्धा तास निथळावी. खालचं पाणी आमटीत घालता येतं.

आता सारण. दोन चमचे तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करून बारीक चिरलेला कांदा परतावा. एक टोमॅटो घालून तो पार गळेपर्यंत आटवावा. मग हळद, तिखट, दोन चमचे गोडा मसाला, मीठ, गुळाचा खडा आणि ज्वारी. शेवटी अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. कूट कमी करू नये. ज्वारीचे दाणे सुटे राहतात, त्यांना कूटच धरून ठेवतं आणि जास्तीचं पाणीही शोषतं. सारण चाखून पाहावं. मिरची अळणी असते, म्हणून ते किंचित चढं हवं.

मिरच्या बुडाला चार उंचवटे असलेल्या घ्याव्यात, त्या नीट उभ्या राहतात. देठाकडची चकती कापून बिया आणि पांढऱ्या शिरा काढाव्यात. आतून मीठ चोळून 10 मिनिटं पालथ्या घालाव्यात, मग पुसून घ्याव्यात. सारण हलक्या हाताने भरावं, ठासू नये; ठासलं तर मिरची उकलते.

ओव्हन 200 अंशांवर 10 मिनिटं तापवून घ्यावा. मिरच्यांना बाहेरून तेल लावून त्या ताटलीत एकमेकींना खेटून उभ्या ठेवाव्यात. तळाशी दोन चमचे पाणी घालून पहिली 15 मिनिटं फॉइलने झाकावं. झाकलं नाही तर वरचे दाणे वाळून कडक होतात. मग झाकण काढून आणखी 15-20 मिनिटं, साल सुरकुतून जागोजागी काळे डाग पडेपर्यंत भाजावं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई घ्यावी. थोड्या तेलात मिरच्या उभ्या ठेवून खोलगट झाकणावर पाणी ओतावं. थंड झाकणाखाली वाफेचं पाणी होऊन ते पुन्हा खाली पडत राहतं, त्यामुळे मिरच्या करपत नाहीत. मंद आचेवर 15 मिनिटांनी झाकण काढून, चकती वर बसवून त्या अलगद आडव्या कराव्यात आणि सगळ्या बाजूंनी डाग पडू द्यावेत.

उतरवल्यावर पाच मिनिटं हात लावू नये, सारण तेवढ्यात आळतं. सोबत घट्ट दही वाढावं.